डॉर्कस वॉकरला आडनाव बदलायचं होतं

हॅगक्लफमध्ये चॅपल सुटायच्या वेळी दारात उभं राहून कुणी "ओ वॉकर!" अशी हाक मारली असती, तर म्हातारेकोतारे, बायाबाप्ये झाडून सगळे वळले असते. पायरीवरचं कुत्रंही उठलं असतं, कारण तेही वॉकरांचंच. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या त्या डोंगरपट्ट्यात वॉकर गवतासारखे उगवतात. दफनभूमीत जावं तर एकेका दगडावर वॉकर, दगडाशेजारच्या दगडावर वॉकर, आणि दगड घडवणाराही वॉकर. त्यामुळं आडनावाचा उपयोग फक्त मेल्यावर. जिवंत माणसाला हाक मारायला गावानं वेगळी नावं काढली होती.

चढाच्या टोकाला राहतो तो वरचा एमॉस. गिरणीत कापड धुवायच्या खात्यावर बसून वासावरनं सगळं ओळखतो तो नाक्या सेथ. कुणाच्या तरी आज्यानं कुणाच्या तरी लग्नात मांडीवर रस्सा सांडून घेतला, म्हणून त्याचा नातू रश्शाचा जो. बिचाऱ्या जोनं स्वतः जन्मात कधी थेंब सांडला नव्हता. पण गावानं ठेवलेलं नाव न्याय-अन्याय बघत नाही. ते एकदा चिकटलं की खरवडूनही निघत नाही.

तशी ही पिंपवाली डॉर्कस.

पिंपात काय, तर मूत. गावाचं मूत. मागावरनं उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट, चिकट, मेंढीच्या वासाचं असतं. ते स्वच्छ करायला आंबवलेल्या मुतासारखं दुसरं काही नाही. म्हणून घरोघर दाराशी मातीचं भांडं झाकून ठेवलेलं असायचं. डॉर्कसचा बाप जेबेझ गाडी घेऊन यायचा, भांडं पिंपात रिकामं करायचा आणि माल गिरणीत पोचवायचा. पुढं जेबेझचे गुडघे गेले, तेव्हा लगाम डॉर्कसच्या हातात आला. पोरगी तिशीला टेकलेली, दंड लोहारासारखे, आवाज त्याहून दणकट. तिनं गल्लीच्या तोंडाशी "भांडीऽऽ" म्हणून आरोळी दिली की शेजारच्या खोऱ्यातल्या बायकाही दचकून दाराकडं बघत.

गाडीवर पिंपं दोन. एक खालच्या गल्लीचं, जिथं पब होता. दुसऱ्यावर चुन्याचं पांढरं कडं काढलेलं. ते चॅपलच्या गल्लीचं. बिअर पिणाऱ्याचा माल पातळ आणि पाणचट, लोकरीला लागत नाही, असं गिरणीवाले म्हणायचे. चॅपलवाल्यांनी मात्र दारूला शिवणार नाही अशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतलेली. त्यांचा माल घट्ट. गिरणीतली सगळ्यात उंची ब्लँकेटं पांढऱ्या कड्याच्या पिंपातच धुतली जायची.

वरचा एमॉस हा चॅपलचा कारभारी. त्याला या गोष्टीचा इतका अभिमान की तो पाद्रीसाहेबांसमोरही बोलून दाखवायचा. "आमच्या गल्लीचं वागणं कसं हाय ते तोंडानं सांगाय नगं. पिंपाचं झाकण उघडा, कळंल."

डॉर्कसला मात्र या सगळ्याचा वीट आला होता. काम तिला जड नव्हतं. जड होतं ते नाव. बाजारात गेली की, "आली का पिंपवाली?" चॅपलमध्ये बाकावर बसली की शेजारीण नाकाला रुमाल लावणार. सकाळी रगडून आंघोळ केलेली असो, नवा झगा असो, रुमाल वर जाणारच.

"आबा, आपलंच असं का?" ती बापाला विचारायची.

जेबेझ शेकोटीपुढं गुडघे शेकत बसलेला असायचा. "आपलंच कुठं? समद्या गावाचं तसंच. आगं, वॉकर म्हंजे काय रस्त्यानं हिंडणारं न्हवं. पानचक्कीचे हातोडे यायच्या आदी कापड पायानं तुडवायचे. गुडघाभर मुताच्या चरात अनवानी हुबं ऱ्हायाचं आन् दिसभर तुडवत बसायचं. त्या तुडवन्यालाच वॉक म्हनायचे. तुडवनारा त्यो वॉकर. समदं गाव त्या चरातनंच वर आलंया."

"मग रुमाल आपल्यालाच बघून का?"

"बाकीच्यांनी पाय धुतले पोरी, आपन न्हाई. एवढाच काय तो फरक."

म्हातारा या बोलण्यावर स्वतःच खुश होऊन हसायचा. डॉर्कसला हसू येत नसे. तिनं मनाशी एक गाठ मारून ठेवली होती, की लग्न करीन तर आडनाव बदलण्यासाठी. पण हॅगक्लफमध्ये ते जमावं कसं? रश्शाच्या जोनं मागणी घातली. तिनं त्याला दारातूनच परतवलं. "वॉकरची वॉकर व्हऊन काय मिळवू? पिंप त्येच, निसतं झाकान बदाललं." नाक्या सेथनंही एकदा हातात फुलं घेऊन घसा खाकरला. त्याला ती म्हणाली, "सेथ, तुला माजा वास आवडतो का नगं वाटतो, ह्ये मला जन्मभर कळायचं न्हाई." सेथनं खरंच थोडा विचार केला आणि फुलं घेऊन घरी गेला.

अशात लायनल टकर आला.

हा दूर नैर्ऋत्येचा, डेव्हनचा. गावोगाव चहाची पाकिटं विकत फिरायचा. मिशी टोकदार, बूट चकचकीत, बोलणं लोणी लावल्यासारखं मऊ. हॅगक्लफला आला की एमॉसच्या घरी वरची खोली भाड्यानं घ्यायचा. एमॉस दारूला न शिवण्याची शपथ घ्यायला लावल्याशिवाय कुणाला खोली देत नसे. टकरनंही हात वर करून घेतली होती.

चॅपलच्या गाण्याच्या तालमीत त्याला डॉर्कस दिसली. तिचा आवाज ऐकून बाकीच्यांनी मागं सरकायची रीत होती. हा पुढं सरकला.

"एवढा आवाज देवाला पुरून उरेल, मिस वॉकर," तो म्हणाला.

पुढच्या फेरीला त्यानं तिच्यासाठी चहाचं पाकीट आणलं, त्याच्या पुढच्या फेरीला रेशमी फीत. डॉर्कस रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ओठ हलवायची. मिसेस टकर. मिसेस लायनल टकर. कसं कोरं, इस्त्री केलेलं नाव! त्याला कसला म्हणजे कसलाच वास नव्हता.

अडचण एवढीच, की ती काय काम करते हे टकरला कुणी सांगितलं नव्हतं. तो यायचा तेव्हा ती गाडी परड्यात लोटायची, पिंपांवर घोंगडी टाकायची आणि साबणाची वडी संपेस्तोवर अंग घासायची. गावाला ही गंमत इतकी आवडली की सगळा गाव तिच्या बाजूनं खोटं बोलायला लागला. खुद्द रश्शाच्या जोनंही कसूर केली नाही.

"जेबेझ वॉकरांचा व्यवसाय काय?" टकरनं त्याला विचारलं.

"पातळ मालाचा," जो म्हणाला.

"म्हणजे तेल वगैरे?"

"तेलावानीच म्हना की. घरोघरचा माल गोळा करत्यात. लई जुनं घरानं, साहेब. समदा गाव त्यांना काय ना काय देतो. रोज देतो."

मागं उभ्या असलेल्या बायकांनी पदरासारखे एप्रन तोंडात कोंबले. टकरनं गंभीरपणे मान हलवली आणि "मोठी माणसं," एवढंच म्हणाला.

लग्न ठरलं. चॅपलच्या वर्धापनदिनाचा मोठा चहा व्हायचा होता, त्या दिवशी सगळ्यांसमोर ते जाहीर करायचं असं पाद्रीसाहेबांशी बोलणं झालं. आणि नेमकं तेव्हाच पांढऱ्या कड्याचं पिंप बिघडलं.

गिरणीत नाक्या सेथनं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि मागं झाला. पुन्हा घातलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ह्यात बिअर हाय."

पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही. पण ब्लँकेटं चट्ट्यापट्ट्यांची निघाली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मुकादम खवळला आणि निरोप चॅपलपर्यंत गेला. एमॉस लाल होऊन जेबेझच्या दारात आला.

"तुजी पोरगी दोन पिंपांची मिसळामिसळ करती," तो ओरडला. "पबवाल्यांचं आमच्यात वतती! आमच्या गल्लीची अब्रू घालवायला निगाली!"

"म्या?" डॉर्कस बाहेर आली. "एमॉसकाका, म्या झोपंत बी ह्या पिंपातलं त्या पिंपात वतायची न्हाई."

"मग काय आमच्या गल्लीत कुनी पितो?"

"ते तुमीच बगा."

"बगतो की! आईतवारी चॅपलच्या चहाला समद्यांम्होरं हा इषय काडतो. गाडी माज्या पुतन्याकडं जाईल. आन् बनेल बाईचं लगीन ह्या चॅपलमदी जाहीर व्हायचं न्हाई, ह्ये बी आईक."

एमॉस गेला. डॉर्कस पायरीवर बसली. तिच्यापुढं दोन वाटा, आणि दोन्ही वाकड्या. गप्प बसावं, तर लबाड ठरून गाडी जाणार आणि लग्नही जाणार. तोंड उघडावं, तर मूत, पिंप, भांडी सगळं टकरच्या देखत चहाच्या टेबलावर यायचं. मग कसली मिसेस टकर?

"काय करू, आबा?"

जेबेझनं गुडघा चोळला. "तुला नाव पायजे का खरं पायजे?"

"दोनी पायजेत."

"मग लई मोठ्या आवाजात बोल," म्हातारा म्हणाला. "तेवडंच तुज्यापाशी हाय."

रविवारी चॅपलच्या अंगणात लांब टेबलं मांडली. डुकराच्या मांसाचे काप, आल्याचा केक, लोणच्याचे कांदे, किटल्यांतून वाफाळणारा चहा. चहा टकरनं दिलेला. तो नवऱ्या मुलासारखा फूल लावून पहिल्या टेबलाशी बसला होता. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली. एमॉस बोलायला उठला. घसा साफ करतो न करतो, तोच फाटकातून गाडीचा खडखडाट आला.

डॉर्कसनं रविवारचा झगा घातला होता, टकरनं दिलेली फीत केसांत बांधली होती. ती गाडीवरनं उतरली आणि परडीतून चॅपलच्या गल्लीतलं एकेक भांडं काढून अंगणाच्या भिंतीलगत ओळीनं मांडायला लागली. भांडी त्याच सकाळची, भरलेली. जिच्या घरचं भांडं दिसे तिचा घास घशात अडके.

"हे काय चाललंय?" पाद्रीसाहेब कप ठेवून उठले.

"न्यायनिवाडा, साहेब," डॉर्कस म्हणाली. आवाज तालमीतल्यापेक्षा वरचा. "मी डॉर्कस वॉकर. गावाचं मूत मी गोळा करते. माजा आज्या करायचा, बाप करायचा. माज्यावर आळ हाय का मी मिसळामिसळ केली. म्या पिंपात काय बी वतायच्या आदीची ही भांडी हैत. सेथ, ये हिकडं."

हे सगळं बोलताना तिनं टकरकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलणं झालं नसतं.

नाक्या सेथ केकचा तुकडा खिशात घालून पुढं आला. त्याच्या आयुष्यातला हा मोठा दिवस होता. पहिल्या भांड्यावर वाकला, हुंगला. "चहा." दुसऱ्यावर वाकला. "चहा, आन् औषध घेत्यात, पोट बरं न्हाई." एक म्हातारी खाली बघायला लागली. तिसऱ्यावर, "कांदा." सगळं चॅपल श्वास धरून बघत होतं. पाद्रीसाहेबही. नको नको म्हणत तेही दोन पावलं पुढं आले होते. मग सेथ निळ्या पट्ट्याच्या एका भांड्याशी थांबला. वाकला, उठला, पुन्हा वाकला.

"ही बिअर."

"कुणाचं त्ये?" मागून कुणीतरी विचारलं, जणू ठाऊकच नव्हतं.

निळा पट्टा सगळ्या गावाला ठाऊक होता. भांडं एमॉसचं होतं.

एमॉसचं तोंड आधी उकडलेल्या बिटासारखं झालं आणि मग पिठासारखं. "मी... मी देवाच्यान..." त्याची बायको त्याच्यापासून एक खुर्ची लांब सरकली. रश्शाचा जो आनंदानं म्हणाला, "काका, शपथ तोंडानं घेतली व्हती, म्हनून आत शिरली न्हाई वाटतं!"

हशा पिकला. आणि त्या हशात लायनल टकर उभा राहिला.

"ते माझं आहे," तो म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या.

"एमॉसराव थेंबाला शिवत नाहीत. वरच्या खोलीत मी राहतो. चहाच्या पेटीत खाली बाटल्या असतात. दिवसभर लोकांना चहा पाजल्यावर मला तो बघवत नाही." त्यानं कोटाचं फूल काढून टेबलावर ठेवलं. "मिस वॉकरवर माझ्यामुळं आळ आला. माझं चुकलं."

डॉर्कस आता वळली. हातात रिकामी परडी, तोंड तापलेलं. "आता तुमाला बी कळलं मी काय करते ते. जावा तुमी. फीत पायजे तर न्या परत."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," टकर म्हणाला.

"काय?"

"माझ्या आजोबांच्या घराला हाच वास होता. डेव्हनला आमच्याकडं तुडवणाऱ्याला वॉकर म्हणत नाहीत, टकर म्हणतात. काम तेच. चर तोच. मूत तेच. गाव तुम्हाला लपवत होता, त्याला इतकी मजा येत होती, मला वाटलं कशाला मोडा."

रश्शाच्या जोला पहिल्यांदाच कुणी फसवलं होतं. तो खाली बसला.

डॉर्कस एक पाऊल पुढं आली. "म्हंजे टकर... म्हंजे बी..."

"वॉकरच. आणि आमची आई पूर्वेकडची, माहेरची फुलर. तिकडं त्याच माणसाला फुलर म्हणतात."

जेबेझ मागच्या बाकावरनं इतका हसला की त्याला धरून बसवावं लागलं. "पोरगी चरातनं पळाली," तो डोळे पुसत ओरडला, "आन् पार मुलूख वलांडून दुसऱ्या चरात जाऊन पडली!"

डॉर्कसनं परडी फेकून मारली. ती टकरला लागली नाही, पाद्रीसाहेबांच्या केकला लागली. मग ती थांबली. ज्या माणसानं उभं राहून सगळ्यांदेखत ते भांडं आपलं म्हटलं, त्याच्याकडं तिनं नीट बघितलं. तिला बघून कधी रुमाल वर न केलेला तो अंगणातला एकटाच होता.

"शपथ पुन्हा घ्या," ती म्हणाली. "न्हाईतर रोज खालच्या गल्लीच्या पिंपात तुमचं भांडं ओतीन."

"खालच्याच पिंपात ओता," टकर म्हणाला. "शपथ मला झेपत नाही. पण माझ्या भांड्यावर पांढरं कडं तुम्ही काढा."

लग्न झालं. चॅपलच्या पुस्तकात तिनं ठळक अक्षरांत ‘डॉर्कस टकर’ अशी सही केली. शाई वाळेपर्यंत ती त्या नावाकडं बघत उभी होती. टकर फिरती सोडून गावातच राहिला. हॅगक्लफच्या रिवाजानं त्याला लगेच ‘डॉर्कसचा लायनल’ म्हणायला लागले. वरचा एमॉस त्या दिवसापासून बिअरचा एमॉस झाला. बिअर त्याची नव्हती, हे सगळ्या गावानं कानानं ऐकलं होतं, तरी. त्यानं चिडून तक्रार केली तेव्हा रश्शाचा जो म्हणाला, "मला सांगताय व्हय?"

पिंपवाली हे नाव मात्र खरंच पुसलं गेलं. तिला आता ‘चॅपल हुंगवणारी डॉर्कस’ म्हणत, आणि ते नाव शेजारच्या खोऱ्यांतही पोचलं होतं.

पुढं एकदा तिनं शहरातल्या दुकानातून टोपी मागवली. टोपी हवी होती म्हणून नव्हे. खोक्यावर ‘मिसेस एल. टकर, हॅगक्लफ’ असं छापील अक्षरात यावं म्हणून. सामानाची गाडी हाकणारा नवा होता. तो सगळ्या गल्ल्यांतून "टकर! मिसेस टकर कोण?" म्हणून ओरडत हिंडला. लोकांनी माना हलवल्या. शेवटी त्यानं परड्यात वाकून भांडी धुणाऱ्या एका दणकट बाईला विचारलं.

"टकर?" डॉर्कस मान वर न करता म्हणाली. "हितं कोन टकर न्हाई बाबा. समदे वॉकरच हैत."

गाडी चढावर दिसेनाशी व्हायला आली तेव्हा तिच्या हातातलं भांडं पडून फुटलं. ती ओल्या हातांनी, झगा वर धरून, आरोळ्या देत धावली. गाडीवान थांबला खरा, पण त्यानं खोकं मांडीखाली धरून ठेवलं.

"आत्ता न्हाई म्हनालीस, आता व्हय म्हनतीस. मी कसं वळखायचं? गावात तुला काय म्हनत्यात?"

डॉर्कसनं धाप टाकली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"चॅपल हुंगवणारी," ती म्हणाली.

"आगं, मग तसं सांग की!" गाडीवान म्हणाला, आणि त्यानं खोकं तिच्या हातात दिलं.